फोटोसूची, नोंद ७: चढवले चार, दिसतो एकच

मागच्या नोंदीत फोटोसूचीचा सर्व्हर पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) ८.० वरून ८.३ वर नेला आणि काही मोडलं नाही असं लिहिलं होतं. ते मागे घ्यावं लागतंय. चार फोटो एकदम चढवले की डेटाबेसच्या टेबलात चार ओळी पडतात, पण पानावर फोटो एकच. त्यावर ‘काढा’ दाबलं की सर्व्हर २०० (म्हणजे ‘झालं’) देतो, आणि पान रिफ्रेश केलं की फोटो जागच्या जागी.

पहिला संशय कॅशवर गेला. नो-स्टोअर (साठवू नको) हेडर लावला, फरक शून्य. ट्रान्झॅक्शन नीट कमिट होत होतं. कर्लने (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन) सर्व्हरचा तोच एंडपॉइंट मारला तर चारही आयडी शाबूत. शेवटी क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स आणि प्रीव्ह्यू आलटूनपालटून पाहिल्यावर उलगडा झाला. रिस्पॉन्समध्ये आयडींचे शेवटचे आकडे ४०९६, ४०९७, ४०९८, ४०९९. प्रीव्ह्यूत चारही ठिकाणी ४१००. प्रीव्ह्यू म्हणजे पार्स करून दाखवलेला माल. खरं काय आलं ते पाहायचं तर रिस्पॉन्सच उघडा. जेक्यू (कमांड लाइनवर जेसन, म्हणजे डेटा पाठवायचा मजकुरी साचा, वाचणारं साधन) १.६ सुद्धा असाच आकडा बिघडवतं, १.७ पासून, संख्येवर काही गणित केलं नाही तर, मूळ आकडे जसेच्या तसे राहतात.

आयडीची घडण नोंद ३ मधलीच आहे: २०२० च्या सुरुवातीपासूनचे मिलिसेकंद २२ बिट डावीकडे, मग १० बिट मशीन, १२ बिट अनुक्रम. यातून ६७१०८८६४००००००४०९६ असे १८ अंकी आकडे पडतात. जावास्क्रिप्टची साधी संख्या पूर्णांक बिनचूक धरते ती ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच. आपला आयडी २ च्या ५९व्या आणि ६०व्या घाताच्या मधे येतो, आणि तिथे शेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर आहे १२८. एकाच मिलिसेकंदात आलेले अनुक्रम ०, १, २, ३ त्यामुळे एकाच संख्येवर जाऊन बसतात. यादी आयडीला की (ओळखखूण) धरून मॅपमध्ये भरली जाते, एका कीला एकच फोटो, म्हणून चारांचा एक झाला.

मग एकटा चढवलेला फोटोही का निघत नव्हता? अनुक्रम ० असलेला आयडी १२८ ने भागला जातो, म्हणजे ब्राउझरमध्ये तो अचूक बसतो. पण संख्या छापताना जावास्क्रिप्ट ती ओळखता येईल इतकेच अंक लिहितं आणि पुढे शून्यं भरतं. आत ४०९६ असूनही बाहेर ४१०० पडतं आणि तेच जेसनमधून सर्व्हरकडे परत जातं. तशी ओळच टेबलात नाही. डिलीट शून्य ओळींवर चालतं आणि आपला कोड तरीही २०० देतो. ही चूक वेगळी आहे आणि ती दुरुस्त केली: बाधित ओळी शून्य असतील तर आता ४०४ (म्हणजे ‘सापडलं नाही’).

अपग्रेडनंतरच हे का उपटलं, त्याचं उत्तर पीडीओमध्ये, म्हणजे पीएचपीच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या भागात, आहे. मायएसक्यूएलसाठी एम्युलेटेड प्रिपेअर (क्वेरीत मूल्यं पीडीओनेच भरणं) चालू असताना पूर्वी पूर्णांकही स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, म्हणून यायचे, ८.१ पासून ते खरे पूर्णांक येतात. म्हणजे इतके दिवस आयडी अवतरणचिन्हांच्या कृपेने वाचत होता. पीडीओच्या स्ट्रिंगिफाय-फेचेस पर्यायाने जुनं वागणं परत आणता येतं, पण मग रुंदी-उंचीही स्ट्रिंग होतात आणि “९००” हे “१०००” पेक्षा मोठं ठरतं. नकोच ते.

बिगइंटचा (जावास्क्रिप्टचा मोठे पूर्णांक धरणारा प्रकार) विचार केला आणि सोडला. रिव्हायव्हरच्या (जेसन वाचताना प्रत्येक मूल्यावर चालणारं फंक्शन) हाती मूल्य येतं तेव्हा ते आधीच बिघडलेलं असतं. नव्या ब्राउझरांत तिसऱ्या आर्ग्युमेंटमधून मूळ मजकूर मिळतो, पण जुन्यांचं काय? शिवाय बिगइंट जेसन बनवणाऱ्या स्ट्रिंगिफायला दिला की थेट टाइपएरर. ट्विटरने याच कारणासाठी आयडीशेजारी आयडी-स्ट्र हे फील्ड दिलं होतं. तोच मार्ग सरळ वाटला: जेसन एन्कोड करण्याआधी फक्त आयडी स्ट्रिंगमध्ये कास्ट करायचा. ४०९७ वाला आयडी ब्राउझरमधून जाऊन जसाच्या तसा परत आला, चारही फोटो दिसले, आणि मधले दोनच काढल्यावर नेमके तेच दोन गेले. हे बघायला फार बरं वाटलं.

हे लिहिता लिहिता एक भोक दिसतंय. पुढे कोणी एन्कोडला न्यूमेरिक-चेक फ्लॅग लावला, तर अंकांची स्ट्रिंग पुन्हा संख्या होईल. ब्राउझरमध्ये एचटीएमएलच्या डेटासेटमधून आयडी स्ट्रिंगच येतो, पण त्याच्याआधी एक अधिकचिन्ह लावलं की खेळ खलास. म्हणून पुढची पायरी बदलतो. पेजिंग (यादी पानापानांत तोडणं) थांबेल, आधी आयडीला अक्षराचा उपसर्ग, ‘फ-६७१…’ असा. संख्या करायला गेलं तर लगेच नॅन (‘संख्या नाही’) मिळेल आणि चूक तिथल्या तिथे दिसेल. सर्व्हरवर उपसर्ग काढून, उरलेले १ ते १९ अंकच आहेत हे रेजेक्सने (नमुना जुळवून) तपासून, मग पूर्णांकात कास्ट. पहिल्या लोडचा डेटा स्क्रिप्ट टॅगमधून जातो, तो अजून जुन्याच फंक्शनमधून निघतोय. तोही याच वाटेने वळवायचा आहे.