बेचाळीस नंबरचे घर

६ मे २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास, माझ्या गिऱ्हाइकाच्या प्लॉट-कर्जासाठी मूल्यांकन करायला बँकेने पाठवलेल्या अभियंत्याने टेप गुंडाळली, मंजूर नकाशाची घडी पुन्हा उघडली आणि मला शांतपणे विचारले, "हा प्लॉट ४१ नंबरचा आहे, असे तुम्ही कशावरून म्हणता?" मी शेजारच्या घराकडे बोट दाखवले. ते घर एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालककाकांचे. त्यांचा प्लॉट ४२ नंबरचा आणि तो २०१९ साली एजंट म्हणून मीच त्यांना घेऊन दिलेला, म्हणून त्याच्या अलीकडचा रिकामा तो ४१, इतका माझा हिशेब सरळ होता. अभियंत्याने नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "ओळीच्या सुरुवातीला जिथे विजेची डीपी उभी आहे, ती जागा नकाशात रोहित्रासाठी सोडलेली आहे, तिला नंबर नाही. ३८ तिच्या पुढून सुरू होतो. आपण उभे आहोत तो ४०, आणि ते घर ४१ वर आहे."

मी दोनदा मोजले. तीस-तीस फुटांच्या त्या ओळीत डीपी सोडून मोजले की दोन्ही वेळा काकांचे घर ४१ वरच येत होते. माझा विक्रेता जो ४१ विकायला निघाला होता, तो म्हणजे काकांचा ओटा, पोर्च, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा संडास-बाथरूम. काकांच्या नावावर कागदोपत्री असलेला ४२ त्यांच्या घराच्या पलीकडे रिकामा पडला होता आणि त्यात कुणाच्या तरी म्हशी बांधलेल्या होत्या.

ही चूक कशी झाली, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला लागून असलेल्या एका गावाच्या शिवारातील हा लेआऊट, मूळ मालकाने वावर अकृषिक करून टाकलेला. २०१९ च्या दिवाळीनंतर एका रविवारी त्याने प्लॉट दाखवायला आम्हा सगळ्या एजंटांना एकाच वेळी बोलावले आणि पहिल्या काही बुकिंगला फुटामागे सूट जाहीर केली. त्या दुपारी आम्ही चौघे आपापली गिऱ्हाइके घेऊन त्या वावरात अक्षरशः धावत होतो. मालकाने त्या वर्षी जमीन पडीक न ठेवता कापूस घेतला होता आणि हद्दीचे दगड उभ्या पऱ्हाटीत दिसत नव्हते. डीपी तेव्हा नव्हती. मी रस्त्याच्या कोपऱ्यापासून ३८, ३९, ४० असे पावलांनी मोजत गेलो, पाचव्या जागेवर थांबलो आणि काकांना म्हणालो, "काका, हा आपला." नकाशा माझ्या खिशात होता. तो मी बाहेर काढला नाही, कारण मागून दुसरा एजंट त्याचे गिऱ्हाईक घेऊन त्याच ओळीत शिरत होता.

काकांनी २०२२ साली निवृत्तीच्या पैशातून घर बांधले. बांधकाम परवानगी ४२ ची, ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदीवर, म्हणजे नमुना ८ वर ४२, विजेच्या बिलावरही ४२. डीपी त्याच्या आदल्या वर्षीच उभी राहिली होती. तिच्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण पुन्हा मोजावे असे कधी वाटले नाही. एकदा दाखवलेला प्लॉट पुन्हा कोण मोजतो?

दरम्यान बाजार पालटला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नियोजित रेल्वेमार्गातला वर्धा ते कळंब हा तुकडा पूर्ण झाला आणि २८ फेब्रुवारी २०२४ पासून देवळी, भिडीमार्गे गाडी कळंबला येऊ लागली. नागपूर-तुळजापूर महामार्ग आधीच रुंद झालेला होता. मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून तालुक्याला येणारे शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्यसेविका यांची मागणी तर पूर्वीपासून होतीच, तिच्यात आता वर्धा-यवतमाळहून केवळ पैसा गुंतवायला येणारे मिसळले. पूर्वी या धंद्यात आम्ही बोटांवर मोजण्याइतके होतो. आता सलूनवाल्यापासून अर्जनवीसापर्यंत ज्याच्या मोबाइलमध्ये चार सातबारे आहेत तो एजंट झाला. एकाच प्लॉटचा फोटो मला एका सकाळी पाच जणांकडून पाच वेगवेगळ्या भावांत आलेला आहे. महारेराने, म्हणजे घर-प्लॉटच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२३ साली एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, पण तो नियम नोंदणीकृत प्रकल्पांपुरता. आमच्याकडे बहुतेक व्यवहार होतात ते वावरांचे आणि एकदा विकल्या गेलेल्या प्लॉटचे, आणि तिथे पाटी नसलेला माणूस पाटीवाल्याच्या बरोबरीने उभा असतो.

त्या दिवशीचा व्यवहारही असाच ओढाताणीचा होता. ४१ चे मालक पुण्यात नोकरीला. वडिलांनी घेतलेला प्लॉट वारसाने त्यांच्या नावावर आला होता आणि तो त्यांनी कधी पाहिलेलाही नव्हता. माझे गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षक दांपत्य. त्यांनी सातशे रुपये फुटाने दीड हजार फुटांचे साडेदहा लाख कबूल केले होते, मात्र कर्ज मंजूर होऊन अक्षय तृतीयेला, म्हणजे १० मे रोजी रजिस्ट्री करायची होती. पण ५ मेच्या रात्री मला कळले की पूर्वी सिमेंटचे दुकान चालवणाऱ्या एका एजंटाने रोखीचे गिऱ्हाईक आणले आहे, ते फुटाला पन्नास रुपये जास्त देत आहेत आणि पुण्याचे साहेब ६ तारखेलाच सकाळी अकरा वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात पोहोचणार आहेत. सौदा माझ्या हातून गेल्यातच जमा होता.

म्हणूनच साडेसातला जे समजले त्याचे काय करायचे, हा प्रश्न माझ्यापुरता फार अवघड होता. मी गप्प राहिलो असतो तर अकरा वाजता सिमेंटवाल्याच्या गिऱ्हाइकाच्या नावाने ४१ चे विक्रीपत्र झाले असते, ते रिकाम्या ४० वर तार मारायला गेले असते, ४० चा मालक भांडायला आला असता, सरकारी मोजणी झाली असती आणि काकांचे घर वादात सापडले असते. पण तोवर त्या व्यवहारात माझे नाव कुठेच नसते. २०१९ च्या विक्रीपत्रावर चतुःसीमा नंबरांनी लिहिलेल्या आहेत, त्या बरोबरच आहेत. मी बोट कुठे दाखवले, हे कागदावर नसते. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला पंधरा मिनिटे राहिला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मी आधी काकांकडे गेलो. काकू अंगणात पाणी मारत होत्या. काकांनी सगळे ऐकून घेतले, आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतला स्टॅम्पपेपर आणला, तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "भाऊ, मले नकाशा वाचता येत नाही. तुमीच तं बोट दाखवलं होतं." पुढे काही बोलले नाहीत. काकूंनी पाण्याचा पाइप तसाच चालू ठेवला होता आणि ओट्याखाली पाणी साचत होते.

निबंधक कार्यालयात मी पोहोचलो तेव्हा टोकन लागले होते, साक्षीदार बाकावर बसले होते आणि सर्व्हर बंद असल्यामुळे, सुदैवाने म्हणावे लागेल, कोणाचाच अंगठा झाला नव्हता. मी विक्रेते, खरेदीदार आणि सिमेंटवाले अशा तिघांनाही बाहेर कडुलिंबाखाली बोलावून नकाशा मोटारसायकलच्या सीटवर पसरला. सिमेंटवाल्यांना आधी ही माझी चाल वाटली, आणि वाटणारच, कारण त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते. पण नकाशावर डीपीची जागा पाहिल्यावर ते एकदम गप्प झाले. नंतर कळले की मागच्या वर्षी त्याच ओळीतला ४४ त्यांनी काकांच्या घराला ४२ धरून विकला होता. तिथे अजून पाया खोदलेला नव्हता, इतकेच त्यांचे नशीब.

पुण्याच्या साहेबांचा पहिला विचार अपेक्षेप्रमाणे होता. घर त्यांच्या जागेवर आहे, तेव्हा काकांनी एक लाख द्यावे, मग अदलाबदलीचे पाहू. त्यांना वाईट माणूस म्हणता येणार नाही, कायद्याने जागा त्यांचीच होती. पण तिथल्याच वकिलांनी त्यांना समजावले की ज्या प्लॉटवर दुसऱ्याचे राहते घर आहे तो कोणी घेणार नाही, दावा लावला तर तारखांसाठी पुण्याहून वर्षानुवर्षे यावे लागेल, आणि काकांचा ४२ तेवढ्याच मापाचा, त्याच रस्त्यावर रिकामा आहे. सिमेंटवाल्यांनीही, मला वाटते मनातल्या ४४ मुळे, माझ्याच बाजूने जोर लावला. तासाभराने साहेब लाखावरून खाली आले. अदलाबदल पत्राचा सगळा खर्च मी करायचा आणि काकांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असे कागदावर ठरले.

अतितातडीची मोजणी भरून भूमी अभिलेखचे भूकरमापक आले, त्यांनी दगड ठोकून, त्यांना पिवळा रंग देऊन खुणा पटवल्या आणि जूनमध्ये अदलाबदल पत्र नोंदवले गेले. अदलाबदलीवर दोन्हीपैकी जास्त किमतीच्या मालमत्तेवर विक्रीपत्राप्रमाणेच मुद्रांक शुल्क लागते, हे माझ्या गिऱ्हाइकांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. स्वतःच्या खिशातून भरताना ते नव्याने कळले. शुल्क, नोंदणी फी, मोजणी आणि वकील मिळून ४८ हजार गेले, म्हणजे तो सौदा माझ्याच हातून झाला असता तर दोन्ही बाजूंची मिळून जितकी दलाली आली असती तिच्या दुपटीहून जास्त. साहेबांनी नंतर ४२ विकला तो सिमेंटवाल्यांच्याच गिऱ्हाइकाला, साडेसातशे रुपये फुटाने. शिक्षक दांपत्य आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाही; त्यांना पुढे दुसऱ्या लेआऊटमध्ये प्लॉट मिळाला, तोही दुसऱ्याच एजंटाकडून.

आता मी प्लॉट दाखवायला जातो तेव्हा टेप सोबत असते आणि खरेदीदाराला हद्दीच्या दगडावर उभे करून, नकाशा हातात देऊन फोटो काढतो. चौकात त्यावरून माझी थट्टा होते, आणि टेप लावण्यात अर्धा तास जातो तेवढ्यात दोन गिऱ्हाइके दुसरीकडे निसटतात, हेही खरे आहे.

काकांचा फेरफार मंजूर झाला. ग्रामपंचायतीने नमुना ८ वर ४१ केले. विजेच्या बिलावर मात्र अजून ४२ च येतो आहे. त्याचा अर्ज मी दोनदा दिला, आणि काका दर महिन्याला बिल आले की मला फोन करून तेवढे सांगतात.