जाळ्या, फेरेट आणि संपत आलेला हंगाम

आज शेजारच्या आजोबांबरोबर सशांच्या शिकारीला गेले होते. बंदूक नाही, कुत्रा नाही. लाकडी पेटीत दोन फेरेट, बस्स! (बघून मुंगूस आठवतं, पण हे पोलकॅट नावाच्या युरोपातल्या रानटी प्राण्याच्या कुळातलं पाळीव जनावर.)

इथे इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये शेताच्या बांधांना सशांची बिळंच बिळं. आपल्याकडचा ससा बीळ करत नाही, झुडपाच्या आडोशाला बसतो, त्यामुळे मला हे सगळंच नवीन. प्रत्येक तोंडावर जाळी लावायची, फेरेट आत सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. नेमका तेव्हाच माझा मोबाइल वाजला. आजोबांनी असं काही पाहिलं, की विचारू नका.

थोड्या वेळाने जमिनीखाली धपधप झाली आणि ससा थेट जाळीत. आजोबांनी क्षणात त्याची मान मोडली. मी नजर फिरवली, खोटं कशाला बोलू.

दुसरं फेरेट मात्र आत गेलं ते बाहेरच येईना. गळ्यातल्या पट्ट्याच्या सिग्नलवरून जागा शोधली, अर्धा तास खणलं, तर पिल्लांच्या घरट्यात महाराज ढाराढूर! आजोबांनी मुकाट्याने जाळ्या गुंडाळल्या. हिमाने गवत-काटेरी झुडपं झडली की सुरू करायचं, बिळात पिल्लं दिसू लागली की थांबायचं, हा त्यांचा हिशोब. यंदा फेब्रुवारीतच थांबले.

येताना एक ससा मला देऊ केला. घेतला नाही. नवरा अजून कुरकुरतोय, मालवणी मसाला घरात आहे म्हणे.