चुली किती?

देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये मी समाजकार्य शिकलो. तिच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार पानं लिहून द्या, असा निरोप आला आणि पोटात गोळाच आला. देवनारला असताना मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती लिहिण्याचीच. आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क आणि मग त्याचं रेकॉर्डिंग, म्हणजे लेखी अहवाल, तोही इंग्रजीतून. मी बार्शीचा, शाळा-कॉलेज सगळं मराठीत झालेलं. 1992 च्या जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन गोवंडी स्टेशनला उतरलो, तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट म्हणजे टाटांच्या कारखान्याशी संबंधित काहीतरी असणार, अशी घरच्यांची पक्की समजूत होती. वडील गावात सांगायचे, "पोरगं टाटात लागलंय."

समजूत अगदीच चुकीची नव्हती म्हणा. पैसा टाटा ट्रस्टचा होताच. पण 1936 साली संस्था सुरू झाली ती नागपाड्यात. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी तिथं नेबरहूड हाऊस, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र, चालवत होते. वस्तीत काम करणाऱ्यांना नुसती कळकळ पुरत नाही, शिक्षणही लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यातून ही शाळा निघाली. देवनारला ती आली 1954 मध्ये आणि विद्यापीठाचा दर्जा मिळाला 1964 मध्ये. आम्हाला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. मला त्यातलं नागपाडा तेवढं लक्षात राहिलं. वर्गाच्या आधी वस्ती, हा क्रम मला आवडला.

पहिल्या वर्षी माझं फील्डवर्क पोलिसांकडच्या स्पेशल सेलमध्ये होतं. मारहाणीची, हुंड्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती भेटावी, म्हणून संस्थेनं 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हा सेल सुरू केला. पुढे राज्य सरकारनं ही कल्पना उचलली. मी तिथं बहुतेक वेळ बाकावर बसून ऐकायचो. त्याच हिवाळ्यात मुंबईत दंगली झाल्या. आमच्यातले बरेच जण मदत छावण्यांमध्ये होते. त्यावर लिहायला बसलो तर ही जागा पुरायची नाही.

मला सांगायचंय ते किल्लारीच्या भूकंपानंतरचं.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा निजलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून ज्याचं आम्ही कौतुक करायचो, तेच अंगावर आलं. आठेक हजार माणसं गेली. संस्थेनं भूकंपग्रस्त कुटुंबांची घरोघर पाहणी करायची ठरवली आणि दिवाळीनंतर आमची तुकडी सास्तूरच्या बाजूच्या एका गावात पोचली. मला मनातून जरा फुशारकीच होती. भाषा आपली, मुलूख शेजारचा. मुंबईकर मित्रांना मी 'माळवद' म्हणजे काय ते समजावून देत होतो.

पत्र्याच्या शेडच्या दारात एक आजी बसली होती. फॉर्ममध्ये दोन रकाने होते, भूकंपाआधीची माणसं आणि नंतरची. पहिला तिनं भरभर सांगितला. दुसऱ्याला ती गप्प झाली. मग मी आत बघून मोजली आणि लिहिली. मोठ्या सुनेनं कोरा चहा दिला. "तुमचं एकच घर ना?" मी विचारलं. आजी म्हणाली, "एकच की. एकाच दारानं जायचोत." मी एक लिहिलं आणि पुढच्या शेडकडे वळलो.

रात्री कंदिलाच्या उजेडात आमच्या शिकवणाऱ्या मॅडम फॉर्म तपासत होत्या. माझा फॉर्म पाहून त्यांनी विचारलं, "दोन मुलगे, दोन्हींची लग्नं झालेली. चुली किती?"

मला सांगता येईना. मी विचारलंच नव्हतं.

त्या चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "घर म्हणजे काय लिहिलंस तू? भिंती, माणसं की स्वयंपाक?" आणि तिथं माझी फुशारकी उतरली. फॅमिली, हाऊसहोल्ड, हाऊस, हे तीन वेगळे शब्द मी परीक्षेत व्याख्येसकट लिहून मार्क मिळवले होते. पण मराठीत विचारताना तिन्हींना माझ्याकडे एकच शब्द होता, घर. घर पडलं. घरचे कसे आहेत? त्यांचं घर वेगळं झालं. जी भाषा येते म्हणून मी ऐटीत होतो, तिनंच मला चकवलं होतं. मल्याळी मैत्रिणीला मात्र तुटक्या मराठीत सगळं खोदून विचारावं लागायचं, त्यामुळे तिचे फॉर्म माझ्यापेक्षा चांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "काल लिवलास की. आता काय लिहालास लेकरा?"

"आजी, चुली किती होत्या?"

"चुली व्हय!" ती एकदम मोकळी झाली. "दोन. धाकट्याची दोन सालापासून निराळी. असं इचारावं की मग."

शेडच्या आडोशाला धाकटी सून उभी होती. काल दोन शेतं, दोन संसार मी एका ओळीत बसवले होते आणि तिनं ते ऐकलं होतं. ती काही बोलली नाही. चहा मात्र त्या दिवशी तिनं केला. जमिनीप्रमाणे कुणाला अडीचशे चौरस फुटांचं घर, कुणाला चारशेचं, कुणाला साडेसातशेचं, अशी वाटणी पुढे सरकारनं केली. आमच्या फॉर्मवरून घर मिळणार नाही, हे मी दारोदार सांगत होतो आणि कुणालाही ते पटत नव्हतं. हातात कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी सरकारच. त्यांचं बरोबर होतं, असं आज वाटतं. लिहून नेणाऱ्याला मी नुसता विद्यार्थी आहे, असं म्हणून सुटता येत नाही.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मी इंग्रजीत लिहायला बसलो आणि 'चूल' या शब्दाशी अडलो. शेवटी तो देवनागरीतच ठेवला. मॅडमनी त्याखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'राहू दे'. ती वही अजून माझ्याकडे आहे.

संस्थेतून बाहेर पडल्यावर मी बहुतेक काळ पाणलोटाच्या कामात घालवला. गावात गेलो की पहिला प्रश्न तोच. दहा वर्षांनी एका कामासाठी उमरग्याला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावात डोकावलो. नवं गाव शहरातल्या कॉलनीसारखं, सरळ रस्ते, रांगेत घरं. भावकी विखुरलेली. लोकांनी आपल्या परीनं त्याचं पुन्हा गाव केलं होतं. सिमेंटच्या घराला पत्र्याची पडवी काढलेली, घरात ज्वारीची पोती आणि माणसं पडवीत. आजी राहिली नव्हती. थोरल्यानं ओळखलं. "चुलीवाले सायेब," असं त्यानं बायकोला सांगितलं.

मी विचारायच्या आत तोच म्हणाला, "आता चार हैत."

मग चारही घरी चहा घ्यावा लागला. चौथ्या घरातून निघालो तोवर उमरग्याची शेवटची एसटी गेली होती.