आमची वाटचाल : फ्लेक्सच्या मशिनपासून पुन्हा भिंतीपर्यंत

1979 साली आमच्या वडिलांनी कोल्हापुरात रंगकामाचं दुकान टाकलं. सिनेमाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, जे येईल ते काम घ्यायचे. आमच्या गावात 'पेंटर' हा शब्द मानाचा आहे. मूकपटांच्या काळातले इथले दिग्दर्शक बाबूराव मूळचे मेस्त्री आडनावाचे, पण नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळलेला हा माणूस लोकांच्या तोंडी कायम बाबूराव पेंटरच राहिला. आपल्या पाटीवरही तोच शब्द आहे याचा वडिलांना फार अभिमान. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, गेरूत बुडवलेला दोरा ताणून कापडावर त्याच चौकटी मोठ्या मारायच्या आणि वीस फुटी चेहरा डोळ्यांपासून सुरू करायचा, ही त्यांची पद्धत. मी ती आठवीत असताना शिकलो.

2006 मध्ये आम्ही कर्ज काढून फ्लेक्सचं मशिन घेतलं. वडिलांचं चार दिवसांचं काम अर्ध्या तासात बाहेर पडायला लागलं. त्या मशिननं घर चालवलं, बहिणींची लग्नं केली, हे मी विसरणार नाही. पण दुकानातल्या चार पेंटरांपैकी दोघं बिल्डिंगच्या डिस्टेंपरवर गेले, एक वॉचमन झाला, एक घरी बसला. ते शल्य आजही आहे.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं आणि मशिन गेलं. पोटमाळ्यावरचे वडिलांचे ब्रश तेवढे कोरडे राहिले. नवं मशिन घ्यायचं नाही, असं आम्ही घरात बसून ठरवलं. सुरुवातीला जिल्हा परिषद शाळांच्या 'बोलक्या भिंती' केल्या, मग अंगणवाड्या. घरी बसलेल्या पेंटरकाकांना मी स्वतः जाऊन परत बोलावून आणलं.

2022 मध्ये एका रुग्णालयानं बोलावलं. अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक बसतात, तिथली 42 फूट लांब आणि 9 फूट उंच भिंत रंगवायची होती. त्यांच्या मनात सूर्योदय, फुलं, दोन सुविचार असं काहीतरी होतं. मी आठवडाभर तिथल्या बाकड्यावर जाऊन बसलो. ज्यांचा माणूस आत आहे, ते सुविचार वाचत नाहीत. ते डब्याच्या पिशवीकडे बघतात, दाराकडे बघतात, आणि शेजारच्याला पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या गावचं तुम्ही?" भिंतीवर काय हवं ते मला तिथंच कळलं.

आम्ही पंचगंगा काढायची ठरवली. डावीकडे सह्याद्री आणि तिथून निघणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. प्रयाग चिखलीला त्या एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. तिथून एकच निळा पट्टा कोल्हापूरचा घाट, इचलकरंजीचे माग, असं करत उजव्या टोकाला नृसिंहवाडीत कृष्णेला मिळतो. बाकड्यावरच्या माणसाला आपलं गाव या नकाशात कुठंतरी सापडावं आणि काठावर आपल्यासारखीच कामं करणारी माणसं दिसावीत, एवढाच विचार होता.

पहिल्याच टप्प्यात चूक झाली. भिंत हाताला कोरडी लागली म्हणून आम्ही पुट्टी-प्रायमर मारून मोकळे झालो. बाराव्या दिवशी लोणा फुटला, पापुद्रे सुटले. पलीकडे स्वच्छतागृहाची पाइप गळत होती. गिलावा खरवडून, दुरुस्ती करून, भिंत वाळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि आमचा खर्च आम्हीच सोसला. आता कुठलीही भिंत घेण्याआधी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवतो. सकाळी त्याखाली दव दिसलं तर काम थांबवतो.

रुग्णालयात ऑइलपेंटचा वास चालत नाही, म्हणून सगळं पाण्यातल्या ॲक्रिलिकमध्ये केलं. घासकाम ओलं केलं, कारण पुट्टीची धूळ आत जाता कामा नये. परांची अशी लावली की स्ट्रेचरची वाट मोकळी राहील.

भाताची रोपलावण मी काढत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "आरं पोरा, रोप लावणारी बाई कधी म्होरं जाती व्हय? म्हागं म्हागं सरती ती. म्होरं गेली तर लावल्यालं तुडवंल की." शाहूवाडीकडच्या एक आजी होत्या, मालक आत होते त्यांचे. मी ओळ उलटी फिरवली. मग त्यांनी इरलं, म्हणजे पावसात अंगावर घ्यायचं पानांचं आच्छादन, दुरुस्त करून घेतलं. ते डोक्यावर नुसतं टेकत नाही, पाठीवर कासवासारखं बसतं, हे त्यांनी पदर पाठीवर ओढून, वाकून दाखवलं. पाच दिवस त्या रोज परांचीखाली बसायच्या. चिखलाचा रंग त्यांना पटेपर्यंत मी तीनदा बदलला. त्याआधी तो मातीसारखा कोरडा दिसत होता, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

गुऱ्हाळाचंही तसंच झालं. बाकड्यावरचा एक जण गुळव्या निघाला. काहिलीशेजारी भेंडीच्या पाण्याची बादली त्यानं काढायला लावली, रसातली मळी त्यानं वर येते म्हणून. पाक आला की नाही ते थंड पाण्यात थेंब टाकून, बोटांत गोळी करून बघतात, ती बोटांची ठेवणसुद्धा त्यानंच दिली. भिंतीवरच्या गुळव्याचा हात त्याचाच आहे.

एक गोष्ट आम्ही पुसली. कच्च्या आराखड्यात महापुरातल्या नावा होत्या, माणसं माणसांना वाचवतायत अशा. मला ते चित्र आवडलं होतं. चिखलीच्या एक ताई खूप वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तेवढं नका काढू." मी कारण विचारलं नाही. तिथं आता म्हशी डुंबतायत.

गुप्त सरस्वती वडिलांनी काढली. वय 76, हात थरथरतो, म्हणून खाली खुर्ची ठेवून हाताच्या उंचीवर. भिंतीच्याच रंगापेक्षा जराशी फिकी रेघ, संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की दिसते.

त्या कामानंतर दोन ठिकाणची कामं मिळाली, पेंटरकाकांचा पुतण्या आता आमच्याकडे चौकटी आखायला शिकतोय. त्या भिंतीचा खालचा भाग दरवर्षी दिवाळीआधी आम्ही पुन्हा हात देऊन येतो. डोक्याच्या तेलाचे डाग तर पडतातच, पण सगळ्यात आधी झिजते भोगावती. ती मुलांच्या हाताला येते, आणि थांबून कंटाळलेली पोरं राधानगरीपासून चिखलीपर्यंत तिच्यावरून बोट फिरवत नेतात. त्या निळ्याचा डबा दुकानात वेगळा ठेवलाय, झाकणावर मिश्रणाचं प्रमाण वडिलांच्या अक्षरात लिहिलंय.