तंजावरचा रंगवलेला डोळा

तंजावरला जाणारा मराठी माणूस बहुधा बृहदीश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख पाहायला जातो, आणि ताई व मीही त्याचसाठी गेलो होतो. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास त्या देवळाच्या भिंतींवर कोरवून घेतला. चोळांच्या हजार वर्षांच्या दगडावर आपली भाषा पाहून ऊर भरून येतो हे खरे आहे, पण सुट्टीचा दिवस, तापलेली फरशी, अनवाणी पाय आणि मागून सरकणारा लोंढा यांच्यामुळे मला चार ओळीसुद्धा सलग वाचता आल्या नाहीत. इतका लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी त्या देवळात पाऊल ठेवू नये, एवढे मी मनापासून सांगते. आमचा तो दिवस त्यातच गेला. चेन्नईहून आलेली रात्रीची गाडी आणि लॉजमधली उकाड्याची रात्र यांबद्दल लिहावे असे काही नाही.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात गेलो आणि तिथे एका चित्रापुढे माझे पाय थबकले. चित्रात एकच डोळा होता. पापणीचे केस वेगवेगळे दिसावेत इतक्या बारकाईने काढलेले, पांढऱ्या भागात लालसर शिरांचे जाळे, आणि मधोमध, जिथे बाहुली काळीभोर दिसायला हवी, तिथे विरजणाच्या कवडीसारखा दुधी ठिपका. तो मोतीबिंदू आहे हे ओळखायला मला पाटी वाचावी लागली नाही. माझ्या आजीचा डोळा मी लहानपणी इतक्याच जवळून पाहिला होता.

सरफोजीराजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी या ग्रंथालयात आहेत आणि २००३ साली इतिहाससंशोधक आर. नागस्वामी यांच्यामुळे त्यांच्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले गेले. रुग्णांची ४४ टिपणे, तीही इंग्रजीत, १८२७ च्या सुमाराची, आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे. कोणाचा डोळा, कोणती तक्रार, काय उपचार केला आणि नंतर डोळा कसा दिसू लागला, हे त्यांत टिपलेले आहे. चित्रे शस्त्रक्रियेपूर्वीची आहेत, तशीच नंतरचीही आहेत. छायाचित्रणाची कला जेव्हा जगात नीट जन्मलीही नव्हती, तेव्हा एक चित्रकार आजारी माणसापुढे बसून त्याचा डोळा रंगवत होता आणि काही दिवसांनी पुन्हा येऊन तोच डोळा रंगवत होता, ही कल्पना माझ्या मनातून अजून जात नाही.

मोतीबिंदूवर सुई चालवणे आपल्याकडे नवे नव्हते. सुश्रुतसंहितेत डोळ्यांचे ७६ रोग मोजलेले आहेत आणि कफामुळे होणाऱ्या लिंगनाशावर, म्हणजे मोतीबिंदूवर, शलाका म्हणजे सुई कशी घालावी याचे वर्णनही आहे. डोळ्याच्या कडेने शलाका आत घालून दृष्टीपुढचा तो पडदा बाजूला सारायचा, म्हणजे उजेडाला वाट मिळते. युरोपातले वैद्यही शतकानुशतके हेच करत होते आणि त्यांचीही समजूत फार वेगळी नव्हती. शरीरातला एखादा दूषित रस वरून उतरून बाहुलीमागे साचतो, असे ते मानत, आणि म्हणूनच त्यांनी या रोगाला कॅटरॅक्ट हे धबधब्याचे नाव दिले. १७०५ साली ब्रिसो या फ्रेंच वैद्याने एका मृत सैनिकाचा डोळा कापून पाहिला, तेव्हा कोठून काही उतरलेले नसून डोळ्यातले भिंगच गढूळ झाले आहे, असे त्याला आढळले. ही गोष्ट एकदा मान्य झाल्यावर गढूळ भिंग आतच ढकलून ठेवण्यापेक्षा बाहेर का काढू नये, हा प्रश्न आपोआप पुढे आला, आणि १७४७ मध्ये दाव्हिएल या फ्रेंच शल्यवैद्याने ते बाहेर काढून दाखवले. हजारो वर्षे सुई जवळजवळ तीच राहिली होती. बदलली ती आजार नेमका कुठे आहे याबद्दलची समजूत.

तंजावरच्या नोंदी या दोन समजुतींच्या सीमेवर उभ्या आहेत, म्हणून त्या मला मोलाच्या वाटतात. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला आणि सरफोजीराजांच्या हाती तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख उरला. ज्याचे राज्य गेले त्या राजाने उरलेले आयुष्य विद्येला वाहिले. १८२६ साली त्यांना भेटलेल्या हेबर या इंग्रज बिशपने लिहून ठेवले आहे की हा राजा लाव्हॉझिए, लिनियस आणि ब्युफाँ या युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो. याच राजाने धन्वंतरी महाल या आपल्या वैद्यकीय संस्थेत देशी वैद्य आणि युरोपीय वैद्यक यांना एकत्र आणले, आणि पारखलेले देशी उपचार तमिळ पद्यांत बांधून घेतले. त्या ग्रंथमालेला त्यांच्याच नावावरून शरभेंद्र वैद्य मुरैगळ म्हणतात. एका हाताने पद्यात बांधलेले परंपरेचे ज्ञान जपायचे आणि दुसऱ्या हाताने एकेका माणसाच्या डोळ्याची नोंद ठेवायची, या दोन्ही गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत, याचा मला मनापासून आदर वाटतो.

त्या चित्रातल्या माणसाला काय सोसावे लागले असेल, हे मात्र विसरता येत नाही. भुलीचे औषध १८४६ चे आणि डोळा बधिर करणारे कोकेन १८८४ चे. म्हणजे सुई डोळ्यात शिरताना तो पुरता जागा होता, आणि कोणीतरी त्याचे डोके घट्ट धरले असणार. जखमेत जंतू शिरतात हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

आम्ही मराठीत बोलत आहोत हे ऐकून तिथलेच एक वयस्क गृहस्थ जवळ आले. त्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे आणि घरातली भाषा मराठी. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि काही शब्द आमच्या पणजीच्या तोंडचे होते. मी त्याच एका चित्रापाशी इतका वेळ का उभी आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना आजीची हकिकत सांगितली.

आजीला धूसर दिसू लागले तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, ‘अजून पिकला नाही, पिकू दे.’ त्या काळी असे सांगण्याची रीतच होती, कारण भिंग कडक झाल्यावर ते काढणे सोपे जाई. आता कच्च्या मोतीबिंदूचेही आतल्या आत तुकडे करून तो काढता येतो आणि पिकण्याची वाट पाहण्याचा सल्ला कोणी देत नाही. आजी वाट पाहत राहिली, पुन्हा दाखवायला कोणी नेले नाही, मोतीबिंदू अति पिकला, डोळ्यातला दाब वाढला, आणि एका रात्री डोके धरून ओरडत बसलेली आजी मला अजून आठवते. तो डोळा गेला तो कायमचाच. डॉक्टरांनी कोणताही कागद दिलेला नव्हता आणि आम्हीही मागितला नव्हता. त्या गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले आणि काही न बोलता बाजूच्या पेटीतले दुसरे चित्र दाखवायला मला घेऊन गेले. त्या चित्रातली बाहुली काळी होती.

संध्याकाळी पुन्हा देवळात जायचे ठरले होते, पण आम्ही गेलो नाही. परतीच्या गाडीत मी वही काढली आणि आजीच्या डोळ्याची हकिकत त्या टिपणांसारखी क्रमाने लिहावी असे ठरवले. वय साधारण पासष्ट, तक्रार धूसर दिसण्याची, असे लिहून झाल्यावर पुढे कोणता डोळा हे लिहायचे होते. मला आठवेना. समोर बसलेली ताई खात्रीने म्हणाली, डावा. मी आईला फोन लावला. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘उजवा होता गं. थांब, उद्या मावशीला विचारून सांगते.’