घेर डोक्याचा, प्रश्न हाताचा

आठ महिन्यांच्या त्या मुलाला त्याचे आईवडील आणि आजी आमच्या केंद्रात घेऊन आले, ते दोन तक्रारी घेऊन: डोके फार मोठे वाटते आणि मूल अजून बसत नाही. दोन्ही शंकांची उत्तरे त्याच दिवशी मिळाली आणि दोन्ही दिलासा देणारी होती. तरीही ज्या गोष्टीची तक्रार कोणीच केली नव्हती ती तपासणीत समोर आली, आणि ती त्या कुटुंबाला केव्हा आणि कशी सांगायला हवी होती, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, काम करते. ज्या बाळांच्या वाढीबद्दल किंवा विकासाबद्दल शंका आहे त्यांची तपासणी आणि उपचार एकाच ठिकाणी व्हावेत म्हणून २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी केंद्रे उभी राहिली. इथे मोठमोठी यंत्रे असतील असे लोकांना वाटते, पण आमचे बहुतेक काम जमिनीवर अंथरलेल्या गादीवर चालते आणि त्याला लाल लोकरीचा गोंडा, खुळखुळा, एक टेप आणि भरपूर वेळ एवढेच लागते. यांतली वेळ हीच सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे.

आई घरी ब्लाउज शिवण्याचे काम करते. तिने पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. गावातल्या कोणीतरी ‘डोक्यात पाणी झालंय की काय’ असे म्हटल्यापासून ती दर रविवारी शिवणकामाच्या टेपने बाळाच्या डोक्याचे माप घेत होती आणि तारखेसह लिहून ठेवत होती. एका आठवड्यात ४७, पुढच्या आठवड्यात ४८, मग ४७.५, मग थेट ४९. त्या ४९ च्या आकड्याने घरातल्या सगळ्यांची झोप उडाली होती. तालुक्याच्या एका दवाखान्यात तो आकडा ऐकताच, बाळाला टेबलावर न घेता, सीटी स्कॅनची चिठ्ठी दिली गेली होती. बाळाला हात न लावता लिहिलेल्या चिठ्ठ्या मी खूप पाहते आणि दरवेळी मला त्याचा संताप येतो.

वही वाचताना एक गोष्ट लगेच दिसली. आकडे वर गेले होते तसे खालीही आले होते, आणि बाळाचे डोके आठवडाभरात अर्ध्या सेंटीमीटरने लहान होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत घेर महिन्याला साधारण २ सेंटीमीटर वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत १, आणि त्यानंतर वर्षापर्यंत महिन्याला जेमतेम अर्धा. सातव्या-आठव्या महिन्यात दर आठवड्याला माप घेतले तर त्यात वाढ कमी आणि टेपची हालचालच जास्त मोजली जाते. त्यातून या बाळाचे जावळ अजून काढायचे होते, केस दाट होते आणि टेप कधी कपाळाच्या मध्यावर, कधी कानांना टेकवून लावली जात होती.

हे माप नीट घेण्याबद्दल मी आमच्या सिस्टरांच्या मागे फार लागते. टेप न ताणली जाणारी हवी. ती पुढे भुवयांच्या लगेच वर आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत फुगीर आहे तिथे टेकली पाहिजे, केस दाबले जातील इतकी घट्ट हवी आणि दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर हवी. माप तीनदा घ्यायचे आणि सर्वांत मोठे लिहायचे. रडत्या बाळाच्या डोक्यावर हे करायला दोन माणसे लागतात. वजनकाटा प्रत्येक अंगणवाडीत असतो आणि वजनाचा आलेख आईलाही कळतो, पण डोक्याचा घेर जन्माच्या दिवशी एकदा लिहिला जातो आणि मग शंका येईपर्यंत कोणी पुन्हा पाहत नाही. एकट्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही, वेग कळायला आधीचे आकडे लागतात.

सुदैवाने या बाळाच्या कागदांत दोन जुने आकडे होते. डिस्चार्ज कार्डावर ३६, आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी एका खासगी डॉक्टरांनी लसीच्या पुस्तिकेत लिहिलेले ४२.६. लसीकरणाच्या गर्दीत तेवढी तसदी घेणाऱ्या त्या डॉक्टरांचे मी मनोमन आभार मानले. आमचे माप ४७.४ आले. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीसह सहा देशांतल्या शहरांमधील निरोगी बाळांची मापे घेऊन जे तक्ते केले आहेत, त्यांनुसार आठ महिन्यांच्या मुलाचा मधला घेर ४४.५ आणि वरची मर्यादा सुमारे ४७. म्हणजे डोके मोठे होते, पण सुरुवातीपासूनच मोठे होते आणि त्याने एकाएकी उसळी मारलेली नव्हती. टाळू मऊ आणि सपाट होती, डोळ्यांची नजर खाली ओढलेली नव्हती, उलट्या नव्हत्या.

मग मी वडिलांना खुर्चीत बसवून त्यांचे डोके मोजले. ते ६० सेंटीमीटर भरले. हेल्मेट नेहमी सर्वांत मोठ्या मापाचे घ्यावे लागते, असे ते संकोचून म्हणाले. ही तपासणी फुकट आहे, तिला अर्धा मिनिट लागतो, आणि तरीही ती क्वचितच केली जाते.

बसण्याचेही तसेच. आधाराशिवाय बसण्याचा काळ याच संघटनेच्या अभ्यासात ३.८ ते ९.२ महिने असा आला आहे, त्यामुळे आठव्या महिन्यात न बसणारे मूल अजून त्या मर्यादेत असते. मोठ्या डोक्याच्या मुलांना तोल सांभाळायला थोडा जास्त वेळ लागतो, हेही आम्ही पाहतो. टाळू भरण्यात आणि मालिश करण्यात आपणच कुठे कमी पडलो, असे मनाला लावून घेतलेल्या आजींना मी सांगितले की यात त्यांचा काहीही दोष नाही.

हे बोलत असतानाच मी बाळाला गादीवर घेतले होते. लाल गोंडा मधोमध धरला, त्याने डाव्या हाताने घेतला. उजवीकडे धरला, तेव्हा त्याने सगळे अंग वळवले, पण हात पुढे आला तो पुन्हा डावाच. उजवी मूठ मिटलेली होती आणि अंगठा आत दुमडलेला होता. आजी कौतुकाने म्हणाल्या, ‘‘डावखुरा आहे तो, मामावर गेलाय.’’

एक वर्षाच्या आत मूल डावखुरे किंवा उजवे ठरत नाही. या वयात ते दोन्ही हात सारखेच वापरते, आणि एकच हात वापरत असेल तर तो त्याचा कल नसून दुसऱ्या हाताची अडचण असते. मी बाळाच्या चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकला, तो त्याने डाव्या हाताने क्षणात काढला. मग डावा हात हलकेच धरून पुन्हा टाकला. उजवा खांदा हलला, मूठ छातीपर्यंत आली आणि थांबली, बाळ रुमालाखाली रडू लागले. धरून एकदम पुढे झुकवल्यावर सावरायला डावा तळवा उघडला, उजवा नाही. उजवा घोटाही थोडा ताठ लागत होता. बसताना तोल जात होता तो नेहमी उजवीकडेच, हे आईने आता आठवून सांगितले.

त्याच दुपारी टाळूतून सोनोग्राफी झाली. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या नव्हत्या. कवटीच्या आतल्या बाजूने पाणी किंचित जास्त होते, जे अशा मोठ्या डोक्याच्या कुटुंबांतल्या बाळांमध्ये आढळते आणि दुसऱ्या वर्षापर्यंत बहुधा निवळते. पण टाळूतून मेंदूच्या कडा नीट दिसत नाहीत, त्यामुळे हाताच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळणार नव्हते. त्यासाठी एमआरआय हवा होता, म्हणजे मेडिकल कॉलेजची वारी आणि बाळाला झोपेचे औषध.

त्यांच्या चेहऱ्यांवर सुटकेचा आनंद होता. वडिलांनी फोनवर कोणाला तरी ‘डोकं चांगलं आहे’ असे कळवूनही टाकले. त्यानंतर मी दार लावून घेतले आणि दुसरी गोष्ट सांगितली: डोक्याची चिंता मिटली आहे, पण उजवा हात मागे पडतो आहे, त्याचे कारण हातात नसून मेंदूच्या डाव्या भागात असावे आणि त्यावर आत्तापासून काम सुरू करायला हवे. आई बराच वेळ बाळाची मूठ उघडून पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘मॅडम, मग एवढे दिवस मी उगाच टेप लावत बसले का?’’ मी सांगितले की ती वही नसती तर ते आठव्या महिन्यात इथे आलेच नसते, आणि हे मी तिचे मन राखायला म्हटले नव्हते. अशी कितीतरी मुले आमच्याकडे येतात ती दीड वर्षाची होऊन, पाय घासत चालू लागल्यावर.

पुढे एमआरआयमध्ये डाव्या बाजूला रक्तपुरवठा थांबल्याची जुनी खूण दिसली. पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये जन्माच्या सुमारास हे घडते, त्या वेळी अनेकदा बाहेरून काहीच दिसत नाही, आणि त्याला घरातले कोणी जबाबदार नसते. आता रोज अर्धा तास डाव्या हातावर मऊ पिशवी चढवून उजव्या हाताने खेळवायचे आणि नंतर दोन्ही हातांनी, असे काम चालू आहे. ती पिशवी आईनेच शिवली, आणि ती आमच्याकडच्या पिशव्यांपेक्षा चांगली असल्याने आमच्या फिजिओथेरपिस्टने तिच्याकडून तिचा नमुना घेतला. बाळ आता बसते, आणि या प्रकारातली बहुतेक मुले पुढे चालतात, हे मी त्यांना खात्रीने सांगू शकले. हाताच्या बारीक कामांबद्दल तसे सांगता आले नाही, आणि फिट येण्याची शक्यता असल्याने ती ओळखायची कशी हेही शिकवावे लागले.

आमच्या फिजिओथेरपिस्टचे मत असे की दुसरी गोष्ट आठवड्याने सांगायला हवी होती; एका तासात इतका दिलासा आणि लगेच इतका धक्का कोणालाही पेलत नाही. तिचे म्हणणे मला पटते. पण ते कुटुंब दोन एसटी बदलून, वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडवून आले होते. डोके चांगले असल्याचे ऐकून परत गेलेले लोक आठवड्याने पुन्हा तोच प्रवास करतील, असा भरवसा मला नव्हता, आणि या वयात गेलेले महिने भरून काढता येत नाहीत. त्यामुळे तसेच कुटुंब उद्या समोर आले तरी मी त्याच दिवशी सांगेन. मात्र वडिलांनी फोन लावण्याआधी सांगावे की नंतर, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.