आमचे दुकान पहिले दिसते, पण कोणाला?

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत आमचे दुकान आता तिसऱ्या पिढीकडे आले आहे. वेबसाइट मात्र अलीकडची. ती सुरू झाल्यापासून सकाळी शटर वर करावे, देवाला उदबत्ती लावावी आणि गल्ल्यावर बसून मोबाइलवर 'कोल्हापुरी चप्पल' हे शब्द शोधून आपले नाव पहिल्या पानावर वरच दिसते आहे याची खात्री करावी, असा माझा नेमच झाला होता. दिवाळीच्या आधी पुण्याच्या भाच्याला मोठ्या हौसेने फोन केला आणि म्हटले, "शोधून बघ, आपण पहिले येतो." पाच मिनिटांनी त्याचाच उलटा फोन आला. "मामा, तुमचं दुकान तर दिसंनाच की! तीन पानं खाली गेलो."

त्याने पाठवलेल्या पडद्याच्या चित्रात मोठमोठे ऑनलाइन बाजार होते, रबरी तळाच्या 'कोल्हापुरी' होत्या, आणि आमच्या लाईनीतले एकही दुकान नव्हते. (कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांपुरते आहे, हे त्या विक्रेत्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण तो राग इथे काढत नाही.) माझ्यापुढचा प्रश्न निराळा होता. रोज सकाळी मी जे बघत होतो ते गिऱ्हाईक बघत नसेल, तर मी नेमके काय बघत होतो?

भाच्याचा पहिला अंदाज असा, की मी रोज तेच शब्द शोधतो आणि रोज स्वतःच्याच वेबसाइटवर बोट ठेवतो, म्हणून गूगलने माझी आवड ओळखली आहे. या अंदाजाला आधार होता. गूगलने खात्यात प्रवेश केलेल्या लोकांसाठी असे वैयक्तिक निकाल २००५ मध्येच आणले होते आणि डिसेंबर २००९ पासून, खाते नसलेल्या माणसालाही, त्याच्या ब्राउझरमधील कुकीवरून (वेबसाइटने तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदीवरून) मागील १८० दिवसांचे शोध पाहून निकाल लावायला सुरुवात केली होती. म्हणून मी ते सगळे बंद करायला बसलो.

बंद करण्याची जागा एकच असेल, ही माझी समजूत पहिल्याच संध्याकाळी मोडली. खात्यातील 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' बंद केली, तर पुढची नोंद थांबते. आधी साठलेली नोंद तशीच राहते आणि ती वेगळी पुसावी लागते. शोधातील वैयक्तिकरणाचे बटण निराळे. खात्यातून बाहेर पडून शोधणाऱ्यासाठी तिसरेच बटण, आणि ते त्या त्या ब्राउझरपुरते. जाहिरातींचे चौथे, कारण शोधाचे वैयक्तिकरण बंद केले तरी चपलांच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत, हे मला पुढचे दोन दिवस कळतच होते. निकालांच्या पानाच्या अगदी तळाशी 'वैयक्तिकरणाशिवाय पाहा' अशा अर्थाचा दुवा कधी कधी येतो, तो त्या एका शोधापुरता सर्वांत सोपा. वेबसाइटची कामे करणारी मंडळी निकालांच्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी '&pws=0' असे जोडतात, तो याच कामाचा जुना उपाय.

इतके सगळे करून दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यावर बसलो आणि शोधले. आमचे दुकान पुन्हा वरच! खासगी विंडो उघडून पाहिली, मुलीच्या मोबाइलवर पाहिले, शेजारच्या दुकानातील कामगाराच्या मोबाइलवरही पाहिले; थोडाफार फरक सोडला तर चित्र तेच.

उलगडा झाला तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेल्या एका ओळीमुळे: 'कोल्हापूर, महाराष्ट्र'. माझ्या आवडीपेक्षा माझी जागा जास्त बोलत होती. कोल्हापुरात बसून कोल्हापुरी चप्पल शोधणाऱ्याला जवळचे दुकान दाखवावे, यात गूगलचे काही चुकले असे मला व्यापारी म्हणून म्हणवत नाही. महाद्वार रोडवर उभ्या असलेल्या पर्यटकाने मला शोधावे, हीच तर माझी इच्छा. पण हा भाग पूर्ण बंद होत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. मोबाइलची अचूक जागा तुम्ही नाकारू शकता. इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून कळणारा ढोबळ परिसर मात्र गूगल वापरतेच. तो परिसर तीन चौरस किलोमीटरपेक्षा मोठा आणि किमान हजार वापरकर्त्यांचा असतो, असे कंपनी सांगते. म्हणजे आमची अख्खी लाईन, मंडप आणि देवळाच्या आसपासचे रस्ते त्यात आरामात बसतात. निकालांचे वैयक्तिकरण अगदी हलके आहे आणि ते मुख्यतः जागेवर व लगेच आधीच्या शोधावर अवलंबून असते, असे गूगलने २०१८ मध्ये म्हटले होते. माझा अनुभव त्याच्याशी जुळला, हे कबूल करायला हवे.

डकडकगो आणि स्टार्टपेज ही दुसरी शोधयंत्रेही वापरून पाहिली. पहिले तुमच्या शोधांचा इतिहास बांधत नाही, दुसरे तुमची ओळख पुढे न देता गूगलसारख्या शोधयंत्रांचे निकाल आणून देते. दोन्हींवर पहिल्या पानावर आम्ही नव्हतो. वाईट वाटले, पण भाच्याच्या पडद्याशी हे चित्र बरेच जुळत होते.

मग त्याने सर्च कन्सोल जोडून दिले. हे गूगलचेच फुकट साधन असून वेबसाइटच्या मालकाला कोणत्या शब्दांसाठी आपले पान किती वेळा दिसले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर आले हे त्यात कळते, म्हणजे एका मोबाइलची साक्ष काढण्याचे कारणच उरत नाही. 'कोल्हापुरी चप्पल' या शब्दांवर आम्ही बरेच खाली आहोत. 'कापशी चप्पल' (कोल्हापुरीचाच एक प्रकार) या शब्दांवर मात्र, आमच्या पानावर कापशीविषयी जेमतेम चार ओळी असूनही, चांगलेच वर आहोत. नोंद पुसलेली आहे, वैयक्तिकरण बंदच ठेवले आहे, जागा चालू ठेवली आहे. सकाळच्या त्या वेळात मी सध्या कापशीची वीण, वेणी आणि कातडे यांवर दोन पाने लिहितो आहे.